दहाव्या दगडापर्यंतची शर्यत

माजलगाव, रवि. ५ नोव्हें. ९५
शर्यतीचं सहावं वर्ष. पहिल्या वर्षी अकरा जण पळाले, त्यातला एक एस.टी. चुकली म्हणून. यंदा कडा, युसूफ वडगावहून पोरं येणार. छापलेले फॉर्म संपले. सेक्रेटरी मी, म्हणजे दुकान बायकोकडे.
मोठ्या शहराच्या मॅरेथॉनवाल्यांचं पत्र आलं. आमचा मारुती, घरची मेंढरं राखणारा, सलग तीनदा पहिला. त्याला पुढच्या रांगेत घेतील. अट: मोजलेल्या रस्त्यावर वीस कि.मी., सत्तर मिनिटांच्या आत. आमच्या वीस कि.मी.त मा.ची वेळ अडुसष्ट. झालंच म्हणायचं.

बुध. ८
एवढी वर्षं सडकेच्या कि.मी. दगडांवर विसंबलो. दहाव्या दगडाला वळसा, परत. आज पी.टी.चे साळवे सर सायकलच्या चाकाला फडकं बांधून आले, फेरे मी मोजले. कमी भरलं. परत मोजलं. जाऊन-येऊन एक कि.मी. कमी!
सडकेची डागडुजी करणारा म्हातारा मैलकुली हसला. "अप्पा, धरणाच्या टायमाला वळण काढून सडक सरळ केली. दगड तेच पुरले न्हवं का, आकड्यासकट."
सर म्हणाले, "कोन मोजाया येतंय बे? वीसच लिही." वीस लिहायला हात शिवशिवला, खोटं कशाला बोलू. पण लिहिलं नाही.

गुरु. ९
मा.ला सांगितलं. बराच वेळ मेंढराच्या पायातला काटा काढत बसला. मग, "तुमचा दगड खरा मानून पळालो की, अप्पा." मेल्याहून मेल्यासारखं झालं.
"खरं वीस आखा. पुन्यांदा पळतो."
पत्राला उत्तर सोमवारी टाकायलाच हवं.

रवि. १२
दगडापुढे अर्ध्या कि.मी.वर चुन्याची रेघ. सर सायकलवर मागे, मी घड्याळ घेऊन मोंढ्यापाशी, शर्यत सुटते तिथे. उसाच्या गाड्यांतून वाट काढत मा. आला. एकाहत्तर. घड्याळ दोनदा बघितलं.
सर हळूच, "एका मिनिटाचंच हाय बे."
मा.नं ऐकलं. गुडघ्यांवर हात, धाप लागलेली. "एकाहत्तरच लिवा. ह्या बारीला अंतर तर खरं हाय."
लिहिलं. खाली जोडलं: आधीची चूक आमची, पळणाऱ्याची नाही. वाचून दाखवलं.
"ती शेवटची ओळ परत वाचा."
वाचली.

सोम. १३
सकाळीच पत्र पेटीत टाकलं. घेतील, न घेतील. परततोय तर सडकेवर मा., रेघेकडे निघालेला.
"अप्पा, घड्याळ आनलंय का?"
आणलं नव्हतं. धोतर सावरत घराकडे पळालो. सहा वर्षांत पहिल्यांदा.