बारा बाटल्यांतली उपासमार

पणजी,
६ सप्टेंबर २०२४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘हो गं’ म्हणतेस आणि विसरतेस, म्हणून लिहूनच कळवते. आमच्या प्रयोगशाळेत रंगकाम चाललंय. तिथल्या धुळीतही लोखंड असतं, म्हणून समुद्रातल्या जिवाणूंच्या बारा बाटल्या घरी माझ्या कपाटात ठेवून आलेय. समुद्रात लोखंड नावालाच. ते मिळेनासं झालं की हे जिवाणू अंगातून एक द्रव्य सोडतात. ते पाण्यातला लोखंडाचा कण पकडतं आणि मग तो यांच्या पोटात जातो. किती उपासमार झाली की किती द्रव्य सोडतात, एवढंच मला मोजायचंय. दोनदा प्रयोग फसलाय, ही तिसरी खेप. आता अंगात त्राण नाही. झाकणं उघडू नकोस. तात्यांना नमस्कार.

तुझी,
आदिती

कोल्हापूर,
१८ सप्टेंबर २०२४

चि. आदितीस,
अनेक आशीर्वाद.

आज क्षमावाणी. दरवर्षी पाहुण्यांना क्षमा मागायची कार्डं लिहिते, यंदा पहिलं पत्र तुलाच. काल पर्युषणातला, अनंत चतुर्दशीचा माझा निर्जळी उपवास होता. दुपारी ग्लानी आली म्हणून तुझ्या खोलीत आडवी झाले, तर समोर ते कपाट. माझा उपवास उद्या सुटेल, यांचा कोण सोडवणार, असं मनात आलं आणि राहवलं नाही. गाळलेल्या पाण्यात धुऊन प्रत्येक बाटलीत एकेक खिळा सोडला. संध्याकाळी तुझे तात्या भडकले. म्हणाले, पोरीच्या पोटावर पाय दिलास की! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोनवर सांगायचं धाडस होत नाही. बाळा, मला क्षमा कर.

तुझी आई

पणजी,
२३ सप्टेंबर २०२४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग खूप राग आला. अजून पुरता गेलेला नाही. लोखंड आयतं मिळालं की ते द्रव्य सोडायचं थांबवतात, त्यामुळे मोजण्यासारखं काही उरलं नाही. सरांना खरं ते सांगितलं. पुन्हा समुद्राचं पाणी आणा म्हणाले, म्हणजे आणखी सहा महिने. तुला क्षमा केली. थकलेय गं, भांडायलाही जीव नाही.

बाटल्या मोरीत ओतू नकोस. आमच्या नियमाने आधी ब्लीच घालून आतलं सगळं मारावं लागतं. मुंगीही न मारणाऱ्या तुला ते करायला सांगवत नाही, म्हणून शनिवारी सकाळी मीच येते. अर्ध्या तासाचं काम आहे. तेवढा वेळ तू बस्तीत जाऊन जिनदेवांपुढे बस.

माझ्यावरचा लोभ त्यानंतरही असू दे.

तुझी,
आदिती