अण्णांच्या कानातले चौसष्ट अध्याय

९ नोव्हेंबर
आज पुन्हा तेच. प्लेअर जोडला की त्याचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटर गप्प बसतो. यादीत प्लेअरचं नावच नाही. तीनदा काढला, लावला. चौथ्यांदाही तेच.

अण्णा पलंगावरून बघत होते. म्हणजे डोळे उघडे होते. श्रावणात झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली, वाचाही गेली. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं इथे काशीत पोरांना ऋग्वेदाची संहिता शिकवली आणि आता त्यांच्या तोंडून 'पाणी' एवढंसुद्धा येत नाही. वाचा सुधारायला येतात त्या बाई म्हणाल्या, जे तोंडपाठ होतं ते ऐकवा, कधीकधी तेवढं आत शिल्लक असतं. अण्णांच्याच आवाजात सगळं आहे माझ्याकडे, एका विद्यार्थ्यानं मागे रेकॉर्ड केलेलं. मोबाइल माझ्याबरोबर शाळेत जातो, म्हणून हा काडेपेटीएवढा प्लेअर. डाव्या हातात मावतो, बटण मोठं, कानात घालायला इअरफोन. चौसष्ट अध्याय, चौसष्ट फाइली. तासाभराचं काम वाटलं होतं.

११ नोव्हें.
शाळेतून येताना चौकातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. त्यानं तार हातात घेतली न घेतली तोच, "बहिनजी, ई तार से खाली चारज होई, डाटा ना जाई." म्हणजे ही नुसती चार्जिंगची, फाइली नेणारी तार वेगळी; दिसायला दोन्ही सख्ख्या जुळ्या. नवी घेतली. तीसुद्धा पुढे लावली तर नाही, कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूलाच चालते. का, ते विचारायचं नाही. सगळ्या फाइली गेल्या.

पहिला अध्याय अण्णांनी शांत ऐकला. मग एकदम अस्वस्थ. मान हलवू लागले, डावा हात गादीवर आपटला. बघते तर पहिल्यानंतर दहावा चालू. प्लेअर १, १०, ११ असा जातो, २ चा नंबर एकोणीसच्या मागून. मी मुलींना गणित शिकवते म्हणे. बसून सगळ्यांना ०१, ०२ नावं दिली. मान मोडून आली.

१२ नोव्हें.
क्रम बरोबर, आवाज स्वच्छ, मी स्वतः ऐकून बघितलं. अण्णांनी कानातलं ओढून टाकलं. पुन्हा लावलं, पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा मीच ओरडले त्यांच्यावर. मग आंघोळ घालताना दोघंही गप्प. त्यांना बोलता येत नाही, मला तर येतं ना.

१६ नोव्हें., रवि.
चार दिवस नीट ऐकताहेत. ओठ हलतात! शब्द नाहीत, पण लय बरोबर चालते, श्वास बरोबर तिथेच घेतात. आज घशातून आवाजही आला थोडा.

दु. दिनूचा फोन. माझा धाकटा भाऊ, नागपूरला असतो. कपड्यांच्या घड्या घालत होते म्हणून फोन अण्णांच्या पायाशी ठेवून स्पीकर लावला. ७ डिसेंबरला येतो म्हणाला, अण्णांना घेऊन जातो. मीच म्हटलं होतं, ने म्हणून. आई गेल्यावर अण्णांनी क्षेत्रसंन्यास घेतला, मरेपर्यंत काशीची वेस ओलांडायची नाही. वीस वर्षं पाळलं. नातवाच्या मुंजीलासुद्धा गेले नाहीत. दिनूला तेच बोलून दाखवलं.

"अगं ताई, त्यांना कुठे कळतंय आता, काशी काय नि नागपूर काय."

मी म्हटलं, तेही खरंच.

१९ नोव्हें.
पुन्हा फेकलं. फाइल खराब झाली असणार. ०९ ते १२ पुसून नव्याने टाकल्या.

२० नोव्हें.
नाहीच. आज तर मूठच उघडेनात. प्लेअर फॉर्मॅट केला, चौसष्टच्या चौसष्ट परत. त्रेचाळिसाव्याला कॉम्प्युटर अडकला. सगळं बंद करून पुन्हा पहिल्यापासून. वह्या तपासायच्या तशाच राहिल्या.

२१ नोव्हें.
तिसरा दिवस. कॉम्प्युटरवाल्यानं सगळं तपासलं, म्हणाला मशीन धड आहे. मग बिघडलंय काय? बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, असं होतं, समज हळूहळू जाते, फार आशा धरू नका. जिन्यातच बसले थोडा वेळ. कशासाठी करतेय मी हे?

२२ नोव्हें.
आज ऐकलं! अर्धा तास. ओठ हलले. काल कॉम्प्युटरवाल्यानं दुसरी तार दिली होती, तिचाच गुण असणार. देवापुढे साखर ठेवली. तारेसाठी.

२८ नोव्हें.
पुन्हा फेकलं. रडूच आलं.

मग पाटी काढावी तसा कागद काढला. तारीख, तार, फाइल, मी कोणत्या वेळी लावलं. १२ ला नाही. १९, २०, २१ ला नाही. आज नाही. बाकी सगळे दिवस हो. तारेचा संबंध नाही, फाइलचाही नाही. अण्णा माझ्याकडे बघतच नव्हते. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

उठून बघितलं. आज अष्टमी. १२ ला अष्टमी. १९ चतुर्दशी, २० अमावास्या, २१ प्रतिपदा.

अनध्याय. त्या तिथ्यांना पाठ करायचा नाही, शिकवायचा नाही, ऐकायचा नाही. लहानपणी त्या दिवशी विद्यार्थी यायचे नाहीत, घर शांत असायचं आणि अण्णा मला घाटावर न्यायचे. त्या दिवसांची मी वाट बघायची. आणि मी फॉर्मॅट करत बसले.

२९ नोव्हें.
नवमी. प्लेअर नुसता उशाशी ठेवला. अण्णांनी स्वतः घेतला, बटण दाबलं.

आनंद व्हायला हवा. स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर धरून रडले. त्यांना तिथी कळते. म्हणजे सगळंच कळतं. चार महिने त्यांच्यादेखत काय काय बोललो आम्ही. नागपूरचं. खोली रिकामी झाल्यावर कपाट कुठे सरकवायचं, ते. आणि शेजारच्या काकूंना मी त्यांच्या पायाशी उभी राहून म्हटलं होतं, सुटले तर बरं हो. आवाजही खाली केला नव्हता.

३० नोव्हें., रवि.
दिनूला सांगितलं. गच्चीवर जाऊन, या वेळी. आधी योगायोग म्हणाला. मी तारखा वाचून दाखवल्या. त्यानं त्याच्या कॅलेंडरात ताडून बघितल्या. मग म्हणाला, "मग तूच विचार त्यांना. नाही म्हणाले तर मी तिकीट रद्द करतो."

विचारता येईल. बाईंनी खूण शिकवली होती, हो असेल तर हात एकदा दाबायचा, नाही तर दोनदा. अण्णांनी कधी दाबला नाही. पण त्या विचारायच्या काय, "बाबा, ये चम्मच है?" अण्णा काय उत्तर देणार.

२ डिसें.
विचारलं नाही. सहामाहीचे पेपर आलेत.

खरं लिहिते, इथे कोण वाचणार आहे. पेपरांचं कारण नाही. कंबर गेली माझी. दवाखान्यात न्यायचं तर गल्लीत गाडी येत नाही, चार माणसं गोळा करून खुर्चीत बसवून न्यावं लागतं. पहाटे अंग पुसणं, चादरी, मग शाळा, शाळेत जीव घरी. दिनू नेणार म्हटल्यावर तीन महिन्यांनी पहिल्यांदा मला नीट झोप लागली होती. कळत नव्हतं त्यांना, तोवर हे सोपं होतं. माझेच वडील, आणि मला वाटतं, कळलं नसतं तर बरं झालं असतं. काय बाई आहे मी.

४ डिसें.
पौर्णिमा. प्लेअर आज मीच डब्यात ठेवून दिला. त्यांनी बघितलं.

शाळेतून आले, पलंगावर त्यांच्या शेजारी बसले. खाली कुणीतरी भांडत होतं, आम्ही दोघं ऐकत होतो. मग डावा हात हातात घेतला. म्हटलं, अण्णा, तुम्हाला सगळं कळतं ना?

एकदा दाबला. जोर आहे अजून.

चुकले मी, म्हटलं.  नुसते बघत राहिले.

दिनू परवा संध्याकाळी गाडीत बसेल. मला ते आठवलं तसं त्यांनाही आठवलं असावं, कारण हात सोडेनात. मला काय विचारायचंय ते त्यांना ठाऊक होतं.

मी म्हटलं, "अण्णा, चहा घेता?"

बराच वेळ काहीच नाही. मग एकदा दाबला, हलकेच. मी उठले.