तिरफळाविना तिखलं

आये,

तू गेल्यावर ओरोसची नोकरी सोडून मी कट्टा गावातली तुझी खानावळ पुन्हा उघडली, ते तुला आवडलं असतं की नाही, कोण जाणे. तू वर्तमानपत्रातून कापून चुलीमागच्या भिंतीला चिकटवलेलं चित्र धुरानं पार काळवंडलंय. परदेशातल्या कुठल्याशा उंचच्या उंच इमारतीचं काम, लोखंडी तुळईवर पाय सोडून ओळीनं बसलेले कामगार, मांडीवर डबे. गिऱ्हाईक नसलं की मी कुरकुरायची आणि तू त्यांच्याकडे बोट दाखवायचीस. "बघ गो, खंय बसलेत ते! तरी जेवतत मां? आपण तर जमनीर आसव. माका कसली भीती घालतंस?" मला हसू यायचं. आता तुझ्या जागी उभी राहते तेव्हा कळतं, रिकाम्या बाकड्यांकडे बघत रोज भात टाकायला केवढी छाती लागते.

गेल्या वर्षी तर कायमचं शटर ओढायची पाळी आली होती. तेवढ्यात समोर चार मजली इमारत चढायला लागली आणि तिथल्या कामगारांचे डबे मला मिळाले. काय हरखले होते म्हणून सांगू! पहिल्याच दिवशी तुझ्या पद्धतीनं बांगड्याचं तिखलं केलं, सढळ हातानं तिरफळं घालून. आपल्याकडे पोरंसुद्धा ती न चावता पानाच्या कडेला काढतात. हे कुणाला सांगावं लागेल, असं डोक्यातच आलं नाही. ती माणसं लांबची. वर परांचीवर बसून त्यांनी ती चक्क चावली! मुकादम धावत आला. "ताई, घातलंत काय जेवणात? सगळ्यांच्या जिभा बधिर झाल्यात. उद्यापासून डबे नकोत."

हातापाया पडून मी एक दिवस मागून घेतला. तिरफळं वगळली, खोबरं निम्मं केलं, भाताऐवजी चपात्या दिल्या. डबे चाटूनपुसून परत आले. तेव्हापासून तेच चाललंय. दोन तऱ्हेचं रांधायला एकटीचे हात पुरत नाहीत. खानावळ तगली, बाकडीही भरतात. पण परवा तुझ्या वेळचे म्हातारे मास्तर आले, दोन घास खाऊन हात धुवायला उठले. "चेडवा, ह्यां तुझ्या आवशीच्या हातचां नाय गो," एवढंच म्हणाले. आत जाऊन रडले मी, आये. तुझी खानावळ राखली आणि तुझं जेवणच तिच्यातून घालवलं.

हे टपालात पडायचं नाही, ते ठाऊकच आहे. आणि खरं सांगू? तू समोर असतीस, तर यातलं एक अक्षर बोलायला मी धजले नसते.