उभ्याने बोललेलं

प्रिय दादा,

खुशाली विचारायला आज हात उचलत नाही, म्हणून थेट सांगते. मी तुझ्यावर भयंकर रागावले आहे. आईवरही आहे, पण ती बरोब्बर निसटली.

आपल्या शेजारच्या काकू इकडे लेकीकडे आल्या आहेत. परवा त्यांना भेटायला गेले. आईचा विषय निघाला आणि त्या सहज बोलून गेल्या, "शेवटी शेवटी तिला उठवतसुद्धा नव्हतं गं. पण रविवारी तुझा फोन वाजला की दादा तिला काखेत धरून उभं करायचा." मला हे माहीत असेल असंच त्यांना वाटत होतं. मी कप खाली ठेवला आणि काहीतरी निमित्त सांगून उठले.

कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर आईने उभी हयात काढली. आपण काड्यापेटीच्या फोनवर खेळायचो, तेव्हाही ती मध्येच तोंड घालायची. पाठ सरळ ठेव, हसत बोल, आवाज पडायला लागला तर उभी राहा, पलीकडच्याला काही कळत नाही. मूत्रपिंडं दगा द्यायला लागली होती, पाणीसुद्धा घोट घोट मोजून प्यायची, पाय इतके सुजायचे की बाबांच्या चपला घालून कामावर जायची. तरी पाय उशीवर ठेवून रोज माझ्या वेण्या घालायची. आपण गप्प बसलो की म्हणायची, "आजारी मी, आणि सुतकी तोंडं तुमची!" आपण हसायचो. कसलं जीव लावणारं माणूस होतं रे!

आणि अशा माणसाने मला फसवलं, तेही तुझ्या खांद्याच्या आधाराने. मला वाटायचं, औषधं लागू पडताहेत. आवाज कसा खणखणीत! मी इथे सगळ्यांना सांगत सुटले होते की आई सुधारतेय. फोन ठेवायची वेळ आली की मी हट्ट करायचे, अजून थोडं बोल ना. ती बोलायची. म्हणजे मीच तिला लाडालाडाने ताटकळत उभं ठेवत होते. दादा, हे तुम्ही दोघांनी मला करायला लावलंत. खरं कळलं असतं तर मी पहिल्या गाडीने आले असते, तिच्या उशाशी बसले असते, गप्प बसले असते. ते तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत. तिने शपथ घातली होती म्हणशील. पण तू कधीपासून इतका शब्दाचा पक्का झालास? लहानपणी माझं एक गुपित तुझ्या पोटात राहिलं नाही!

आता हे उगाळून काय मिळणार, असं तुला वाटेल. एरवी मी एकटीच रडून मोकळी झाले असते. पण गेल्या रविवारी वहिनी बोलण्याच्या ओघात म्हणाली, तुला नव्या चपला एक माप मोठ्या घ्याव्या लागल्या. मी तुझी थट्टा केली. मग फोन तुझ्याकडे आला. आधी खुर्ची सरकली, मग तुझा आवाज, "एकदम मजेत!" अगदी खणखणीत. अरे, तू जन्मात कधी उभ्याने फोनवर बोलला नाहीस. लोळत, काहीतरी चघळत बोलतोस, अर्धं मला कळतही नाही. काकूंकडून परतल्यापासून ती खुर्ची माझ्या कानातून जात नाही. हा आजार रक्तातून येतो, हे डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. माझी तपासणी चांगली आली, ते मी तुला लगेच कळवलं. तुझं तू कधी बोललाच नाहीस. या रविवारी मी नेहमीसारखा फोन करीन. बसून बोल. नाहीतर लोळतच बोल. आवाज पडला तरी चालेल, पण उठू नकोस.

तुझीच, राग न गेलेली,
ठमी