तक्रारीची उंची

तीर्थरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला आणि त्यावरचे तुमचे उपाय थांबले का? मी खुशाल आहे, म्हणजे सोमवारपर्यंत तरी. मला नोकरीत कायम करायचं की निरोप द्यायचा, हे साहेब त्या दिवशी ठरवणार आहेत.

"मुलगी कॉम्प्युटरवर नक्की करते तरी काय?" असं तुम्ही आईला विचारलंत म्हणे. (आई सांगते, "टाइप करते." घरातल्या पहिल्या पदवीचं हे चीज.) तर ऐका. पाणीखात्याकडे लोकांच्या तक्रारी येतात. त्या एका जागी साठतात, आणि पडद्यावर त्या कशा दिसाव्यात ते वेगळं लिहावं लागतं. खात्याने ते आमच्या कंपनीकडे दिलंय, आणि ते माझं काम. त्यासाठी फ्रेमवर्क नावाची सामग्री मिळते आणि तिच्यात साधा तक्ता आयता असतो, सगळ्या ओळी एका मापाच्या. मला तो अन्याय वाटला. काल आलेली आणि वर्षभर ताटकळलेली तक्रार एकाच उंचीची? म्हणून मी माझा स्वतःचा तक्ता रचायला घेतला. प्रत्येक ओळ काढण्याआधी फ्रेमवर्क विचारतं, हिला किती उंची द्यायची? (इतक्या अदबीने मला इथे दुसरं कोणी काही विचारत नाही.) मी उत्तर लिहिलं: जितके दिवस वाट पाहिली, तितकी. सर्वांत जुनी सर्वांत वर, लालभडक.

तपासायला मी खोट्या तक्रारी बनवल्या. त्यातली एकही आठवड्याहून जुनी नव्हती. खातं याहून जास्त वेळ लावेल असं माझ्या मनातही आलं नाही. (हसू नका. नागरिकशास्त्रात मला पैकीच्या पैकी होते.)

डेमोला खात्याचे मुख्य अभियंता आले. साहेबांनी खऱ्या तक्रारी जोडल्या आणि पडदा लाल झाला. नुसता लाल. ओळ नाही, अक्षर नाही. "बंद पडलं का?" अभियंत्यांनी विचारलं. "नाही सर, नवी रंगसंगती आहे," म्हणत साहेब माऊसचं चाक फिरवू लागले. लाल, मग आणखी लाल. चहा आला, गार झाला. तो सगळा लाल म्हणजे सर्वांत जुन्या तक्रारीची एकच ओळ होती; शेवटी तिच्या बरोब्बर मध्यावर मजकूर उगवला: "अजूनही गळतंय." आणि पुन्हा लाल.

अभियंता गेल्यावर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "गिऱ्हाइकाला असा आरसा दाखवतात का? उलटं करा. जितकी जुनी, तितकी लहान."

"सर, मग सर्वांत जुनी दिसणारच नाही."

"मग? पुसायला कुठे सांगतोय? आपण प्रामाणिक माणसं आहोत. तक्रार जिथल्या तिथे राहील, फक्त उंची शून्य."

मी सत्य, नागरिक आणि पारदर्शकता यांवर बोलले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, कारण त्यांचा फोन बाहेर चार्जिंगला होता. मग म्हणाले, "सोमवारी बदलून दाखवा, मग कायम होण्याचं बघू."

तर असं आहे. मी तत्त्व सोडणार नाही हे तुम्हाला सांगायला नकोच. शिकलीस तर ताठ मानेने जगशील, असं बाबांसमोर तुम्हीच ठणकावलं होतंत. मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. ती लाल ओळ तुमची आहे, मामा. तुमच्या कोपऱ्यावरचा पाइप. तेवढी तक्रार मागे घ्याल का? पडदा आपोआप आटोपशीर होईल, माझं तत्त्वही राहील आणि नोकरीही. पाइप काय, गळतोच आहे.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी तपासून पाहिलं. तिच्याखालची तक्रारही तुमचीच आहे: "आधीच्या तक्रारीचं काय झालं?" आणि तिच्याखालचीही. तेव्हा राहू द्या. तुमच्या ओळी आहेत तेवढ्याच उंच राहतील. फक्त सोमवारी संध्याकाळी आईजवळ जाऊन बसा. मी कायम झाले असं तिने सगळ्या जिन्याला सांगून टाकलंय.