डाव्या हाताचा पीळ

॥ खंडोबा प्रसन्न ॥

मु. पिंपळखेडा, ता. कन्नड
मंगळवार, १ नोव्हेंबर १९६६

चि. सौ. बानाबाई हिला सासरा सोनाजी याचा आशीर्वाद. इकडं सगळी बरी आहेत. तिकडं शहराजवळच्या छावणीत तुझा भाऊ मुंजाबा, त्याची मंडळी आणि दावणीची जनावरं सुखरूप असतील अशी आशा धरतो.

पहिली गोष्ट. हे पत्र तू एकटीनं वाच. मुंजाबाच्या हातात देऊ नकोस. तुला अक्षरं मीच शिकवली आहेत. जोडाक्षर अडलं तर थांबू नको, पुढच्या शब्दावरून मागचा कळतो. मी तरी कुठं शिकलोय? निजामाच्या वेळी उर्दूत तीन यत्ता, आणि पोलीस ॲक्शन झाल्यावर पंचेचाळिशीत मराठी बाराखडी गिरवली. चुका पोटात घाल.

अक्षर मोठं काढलंय. एका पानावर सातच ओळी मावतात. भर उन्हात ओट्यावर बसून लिहितोय, कारण आत घरात जमत नाही. का जमत नाही ते पुढं येईल.

पाऊस बरा झाला. ज्वारी पोटऱ्यात आहे. काळ्या मेंढीला दोन पिल्लं झाली, दोन्ही जगली. तुझ्या सासूचा गुडघा सुजलाय, पण तोंड चांगलं चालतंय. गोठ्यावर कडूबानं आता पत्रे टाकलेत. पाऊस आला की इतका आवाज होतो की जनावरं बिचकतात. गवताचं छप्पर होतं तेव्हा आवाज नव्हता. असो.

वसुबारस आठवड्यावर आली. काल शिवना नदीच्या काठावरून लव्हाळा कापून आणला आणि दिवटी विणायला बसलो. तुला माहीतच आहे, आपल्या घरात पहिल्या दिवशी नागाच्या फण्याची एक दिवटी विणायची, तिच्यात वात ठेवून गाय ओवाळायची, आणि मग रोज तिच्यावरच एकेक मजला चढवायचा, पाडव्यापर्यंत. पाती पहिल्यासारखीच ओली, गार. बोटं अजून चुकत नाहीत. तुझी सासू बघत होती. म्हणाली, "विणायलात का वास घ्यायलात? नाकाला लावून बसलेत, जसं काय तपकीरच ओढायची हाय." मी हसलो. हसायचं म्हणून हसलो.

कडूबाच्या दुसऱ्या लग्नाची गोष्ट तुझ्या कानावर गेली असेल. वैजापूरकडचे पाहुणे रविवारी येणार आहेत. पाडव्याला सुपारी फोडायची आणि तुळशीच्या लग्नानंतर पंचांसमोर तुझी फारकत करायची, असं तुझ्या सासूनं आणि पंचांतल्या तात्यासाहेबानं ठरवलंय. कडूबा हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ताटावरून अर्धी भाकर टाकून उठतो.

मला वाटलं होतं, वर्ष गेलं की सगळं निवेल आणि तुला आपोआप आणतील. तसं होत नाही. मेंढरं आली, बाकीचं उद्या.

बुधवार

काल जे लिहिलं ते वाचून बघितलं. सगळी इकडची तिकडची बातमी. एक अक्षरही कामाचं नाही. आता कामाचं लिहितो.

मागची वसुबारस. दिवेलागण झाली होती, जेवणं व्हायची होती. तू तांबडीला आणि तिच्या कालवडीला ओवाळलंस. कालवड अंगणात उड्या मारत होती, तांबडी दावणीला होती. तू दिवटी माझ्या हातात दिलीस, कारण वात काढून दिवटी गोठ्याच्या छपरात खोचायचं काम माझं. तू म्हणालीस, "मामा, वात नीट काढा बरं का."

मी म्हणालो, "काढली."

बाना, मला वात दिसली नव्हती. मला दोन वर्षांपासून दिव्यासमोर नुसता धूर दिसतो. उजेडाचा गोळा दिसतो, त्याच्या आतलं काही दिसत नाही. बोटानं चाचपून काहीतरी कापसासारखं उपटलं आणि फेकलं. ते लव्हाळ्याचं फूल असेल. वात आतच धुमसत राहिली, आणि मी ती वाळलेल्या गवतात खोचली.

डोळ्यांचं मी कुणाला बोललो नव्हतो. बोललो असतो तर मेंढरांमागं जाणं बंद झालं असतं, आणि दिवटी तुझी सासू तुला विणायला सांगती. तू तर माझ्यापेक्षा चांगली विणायला लागली होतीस. मग मी ओट्यावर बसून काय करायचं? खोकायचं? एवढ्याशा गोष्टीसाठी, बाना. मला आता लिहिताना सुद्धा लाज वाटते की कारण एवढंसंच होतं.

गोठा पेटला तेव्हा तांबडीचं दावं कुणाला सोडता आलं नाही. तो आवाज मी लिहीत नाही. तूही ऐकलायस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू राख ओढत होतीस. राखेत तुला दिवटीचा फणा सापडला. लव्हाळा ओला असतो, जळता जळत नाही. तू तो निरखून बघितलास. सगळं गाव उजवा पीळ घालतं, मी डावरा, माझा पीळ उलटा; आग माझ्याच दिवटीनं लागली हे तुला कळलं. तू माझ्याजवळ आलीस आणि तो फणा माझ्या हातात ठेवलास. "मामा, हे तुमचं राहिलं हितं," एवढंच म्हणालीस. कुणाला दाखवलंस नाही. तुला वाटलं, मी आपणहून बोलेन.

मी तो फेट्यात खोचला.

दोन दिवसांनी पंच बसले. दाव्याला बांधलेली गाय जळाली म्हणजे गोहत्या, आणि ती कुणाच्या तरी माथी मारावीच लागते. तात्यासाहेब म्हणाला, "गोठ्यात शेवटी कोण होतं?" तुझी सासू म्हणाली, "हीच, आनखी कोण?" तू म्हणालीस, "म्या दिवटी मामांच्या हातात दिली. मामा, तुमी बोला की."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी जमिनीकडं बघितलं आणि म्हणालो, "मला नाय आठवत. मी तर ओट्यावर होतो."

तुझ्या गळ्यात दावं घातलं. पाच गावं, पायी, तोंडातून शब्द काढायचा नाही, दारात उभं राहून गाईसारखं हंबरायचं आणि पसाभर पीठ मागायचं. शेवटी तू आपल्याच दारात आलीस. सासू आत गेली आणि मला म्हणाली, "घाला काय घालायचं ते." मी पीठ घेऊन आलो. तू झोळी पुढं केलीस. थोडं पीठ उंबऱ्यावर सांडलं. ते तू वाकून बोटानं गोळा केलंस. मग मान वर करून हंबरलीस.

माझ्या दारात, माझ्या पापासाठी.

त्यावरही तुझी सासू म्हणाली, "पाप फिटलं आसंल, पर ह्या हातची भाकर आता मला नको." मुंजाबा तुला घेऊन गेला. मी ओट्यावरच होतो. तेवढं मात्र खरं.

शुक्रवार

दोन दिवस पत्र ठेवून दिलं होतं. आता पुढचं ऐक.

काल मी तात्यासाहेबाकडं गेलो आणि सगळं सांगितलं. फणा त्याच्या हातावर ठेवला. त्यानं पीळ बघितला आणि फणा मला परत दिला. मग म्हणाला, "सोनाजी, वय बघ आपलं. पोरीनं फेडलं की. एका गाईचं दोनदा कोन फेडतं?"

खरं सांगतो, घटकाभर मला ते पटलं. घरी जावं, गप्प बसावं असं वाटलं. पण पाय उठेना. मी म्हणालो, "तिनं माझं फेडलं. माझं फिटलं नाय." तो म्हणाला, "मग पंच दुसरं काय सांगनार? तेच दावं, तीच पाच गावं." मी म्हणालो, "व्हय, तेच."

संध्याकाळी घरात सांगितलं. तुझी सासू भाकरी थापत होती. हात तसेच पिठात राहिले. म्हणाली, "तवा तोंडात काय मीठ धरलं व्हतं? आन् आता रविवारी पाहुनं यायच्या वक्ताला उघडलं!" मग तव्यावरची भाकर जळाली तरी तिनं ती उलटली नाही. तिला तुझं नाव घेता येत नाही अजून. पण तुझं लुगडं तिनं पेटीतून काढून उन्हात टाकलंय. त्याचा अर्थ काय, मला विचारू नकोस. मी विचारलं तर अंगावर येते.

कडूबा ऐकत होता. उठून बाहेर गेला. मला वाटलं, आता हा पोरगा विहीर-बिहीर बघतो की काय. मागं गेलो तर गोठ्यात बसून अंबाडी सोलत होता. म्हणाला, "बा, दावं मी वळून देतो." आता मी हे लिहितोय, तेव्हा तो समोर बसून वळतोय. चांगलं मऊ वळतोय. गळ्याला काचू नये म्हणून, का हात रिकामे राहू नयेत म्हणून, कळत नाही.

रविवारच्या पाहुण्यांनी येऊ नये म्हणून शेजारच्या फकिराला वैजापूरला धाडलंय. तो वाटेत कुठं चहाला बसला नाही म्हणजे झालं.

मी उद्या पहाटे निघतो. पत्र कन्नडच्या टपालात टाकतो. एस.टी.चं टपाल माझ्या पायांच्या आधी पोचेल. हतनूर, वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद, आणि पाचवी छावणी. वसुबारसेच्या आधी मुंजाबाच्या दारात येईन. दिसत कमी असलं तरी सडक चुकायची नाही. गाड्यांचा आवाज ज्या बाजूनं येतो, तिच्या कडेनं चालायचं.

गळ्यात दावं असलं की मला बोलता येणार नाही. तू समोर आलीस तरी क्षमा कर असं तोंडानं म्हणता येणार नाही. म्हणून हे सगळं आत्ताच लिहिलं. दारात कुणी हंबरलं तर घाबरू नको, मीच असेन. झोळीत पीठ घालायचं, का दार लावून घ्यायचं, ते तुझं तू ठरव. दार लावलंस तरी मी दुसऱ्या दारी जाणार नाही. पाचवं दार तुझंच धरलंय.

जळका फणा पाकिटात घातलाय. तू माझ्या हातात दिला होतास, तो तुझ्याकडं परत. पंचांनी कधी विचारलं तर त्यांच्यापुढं टाक.

आणि वर लिहिलं होतं की हे पत्र एकटीनं वाच. ते खोडत नाही, पण आता तसं करू नकोस. मुंजाबाला दे. त्याला म्हणावं, छावणीतल्या आपल्या सगळ्या माणसांना बसव आणि मोठ्यानं वाच. अडेल तिथं थांब, पण एक ओळ सोडू नको.

ज्याचं तू फेडलंस तो,
सोनाजी