ओर्वाना म्हणजे काय

१२ जानेवारी २००३, रविवार

...आणि किती वर्षांपूर्वीची ती सकाळ, आंघोळीच्या बंबात मी चिपाडं सारत होते, हे दाढी करत होते, टेपवर तीच कॅसेट. परदेशी रॉक बँडची, एका बाजूला एकच लांबलचक गाणं. त्यात सारखा येणारा शब्द मी विचारला, "ओर्वाना म्हणजे काय हो?" हे म्हणाले, "डिक्शनरी हाय की घरात. बघ."

सातवीत शाळा सुटलेली मी. त्या एका शब्दापायी इंग्रजी वाचायला शिकले. ओर्वाना सापडला नाही, पण गाण्यानं वेड लावलं. मला ते सगळं पाठ आहे, ह्यांना कधी झालं नाही. हे गेल्यावरही रोज ऐकते.

आज ह्यांचे मित्र सर्जेराव भावजी आले. कॅसेट त्यांनीच दिलेली, म्हणून त्यांना तो शब्द विचारला. चहा सांडेपर्यंत हसले.

"वहिनी, ती इंग्रजी न्हाय वो. त्या बँडनं सोताच बनवलेली भाषा हाय. कुठल्या बुकात गावणार?"

"ह्यांना ठाऊक होतं?"

"व्हय की. पैल्याच दिवशी सांगितलतं मी."

मग दवाखान्यात पडल्या पडल्या "सापडला का ओर्वाना?" विचारायचे, ती थट्टाच ना? मी नाही म्हटलं की हसायचे. तेवढंच दुखणं विसरतात, म्हणून मला बरं वाटायचं. बरं वाटायचं मला. आता भांडायचं तरी कुणाशी?

सोमवार

बंब पेटवला, कॅसेट लावली, आणि एकही शब्द न चुकता सगळं गाणं मोठ्यानं म्हटलं.